टीव्ही स्वस्त झाला, रिचार्ज नाही! मोठा पडदा घेण्याआधी हा हिशेब करा

करमाड : २२ सप्टेंबर २०२५, घटस्थापनेचा दिवस. त्या दिवसापासून ३२ इंचापेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. त्याच महिन्यात मराठवाड्यात अतिवृष्टीनं सोयाबीन अन् कपाशी पाण्यात गेली. एकीकडं टीव्ही स्वस्त, दुसरीकडं खिसा रिकामा. तरी हप्त्यावर मिळतो म्हणून मोठा टीव्ही घेण्याचा मोह होतोच. आमच्या घरीही ४३ इंची आला.

आधी बचत बघू. करापूर्वी २० हजारांचा टीव्ही पूर्वी २५ हजार ६०० ला पडायचा, आता २३ हजार ६०० ला. म्हणजे दोन हजार वाचले, तेही एकदाच. ३२ इंची टीव्हीवर आधीपासूनच १८ टक्के होता, तिथं काहीच फरक नाही.

रिचार्जवर मात्र १८ टक्के जीएसटी कायम आहे. महिन्याला ३०० रुपये भरले, तर त्यातले सुमारे ४६ रुपये कराचे. वर्षाचं रिचार्ज ३,६०० आणि पाच वर्षांचं १८ हजार. म्हणजे टीव्हीच्या किमतीच्या जवळपास तेवढाच पैसा हळूहळू जातो. हप्ता संपतो, रिचार्ज संपत नाही.

दुसरी गोष्ट चित्राची. आमचा टीव्ही लावला त्या संध्याकाळी आई म्हणाली, "जुनाच बरा होता रे, ह्याच्यात माणसांची तोंडं फुगलेली दिसतात." दोष टीव्हीचा नव्हता. बॉक्स जुना, चॅनेल साधं, वर लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनची वायर. साध्या चॅनेलचं चित्र ५७६ रेषांचं असतं, एचडीचं १०८० चं. लहान पडद्यावर कळत नाही, मोठ्यावर उघडं पडतं. एचडी बॉक्स आणि एचडीएमआय वायर घ्यावी लागते, अन् एचडी चॅनेलचे पैसे जास्त. दुकानदार हे आपणहून सांगत नाही. आम्हालाही सांगितलं नाही.

मग स्वस्त रस्ता कोणता? दूरदर्शनची डीडी फ्री डिश २००४ पासून चालू आहे. छत्री आणि बॉक्सचा खर्च एकदाच, महिन्याचं काही नाही. सह्याद्री, बातम्या, सिनेमे दिसतात. भारताचे वनडे आणि टी-२० सामने डीडी स्पोर्ट्सवर फुकट मिळतात, कारण २००७ च्या कायद्यानं ते दूरदर्शनला द्यावे लागतात. आयपीएल त्यात नाही. झी मराठी, स्टार प्रवाहसारखी पैशाची चॅनेलही नाहीत. बॉक्स घेताना 'एमपेग-४' चाच मागा, जुन्या बॉक्सवर काही चॅनेल येत नाहीत.

पोरं म्हणतात, स्मार्ट टीव्ही मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालवू. एचडीत तासाला एक ते तीन जीबी डेटा जातो. रोजच्या दीड-दोन जीबीत एक सिनेमाही पुरा होत नाही. गावात फायबर आलं असेल तरच हा विचार करा.

डिशची कंपनी बदलायची तर बॉक्सही बदलावा लागतो. मोबाईलचं सिम बदलतो तसं इथं जमत नाही. एकच बॉक्स सगळीकडं चालावा, अशी शिफारस ट्रायनं २०२० मध्येच केली होती. गिऱ्हाईक आजही अडकलेलंच आहे. सरकारला खरंच दिलासा द्यायचा असेल तर तो इथं आणि रिचार्जच्या करात द्यावा. शेतकऱ्याच्या खिशातून पैसा दर महिन्याला तिथूनच जातो.

तोपर्यंत आपल्या हातात एवढंच :

– घरात कोण काय बघतं ते आधी लिहून काढा. हवी तेवढीच चॅनेल निवडायचा हक्क २०१९ पासून लागू झालेल्या नियमांनी दिलाय. केबलवाल्यानं लादलेला पॅक घ्यायची सक्ती नाही.
– पैसे भरले की पावती घ्या. ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाईन १९१५.
– विजा कडाडायला लागल्या की प्लग अन् छत्रीची वायर दोन्ही काढा.

आम्ही आईच्या मालिकांची दोन चॅनेल ठेवली आणि बाकीचा पॅक काढून टाकला. एचडी बॉक्सचं बघू, तूर निघाल्यावर.