दाराच्या अलीकडची शाळा



दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी घरात पेढे वाटले जातात आणि त्याच रात्री बाप कपाशीचा हिशोब काढून बसतो. पोर हुशार निघाले, आता त्याला ठेवायचे कुठे? तालुक्याला, जिल्ह्याला की लातूरला? खोलीचे भाडे किती, खानावळ किती, शिकवणीची फी किती? आणि यंदा बोंडे किती लागतील? पहिल्या तीन आकड्यांची कोणीही हमी देतो. चौथ्याची कोणी देत नाही.

वसई तालुक्यातल्या गिरीजसारख्या गावात हा हिशोब वेगळा असतो. तिथे विहिरीच्या पाण्यावर वाड्या पिकल्या, मुंबईची बाजारपेठ जवळ, शाळा-कॉलेजही जवळ. मूल सकाळी घरची भाकरी खाऊन निघते आणि संध्याकाळी घरीच परतते. तेही शेतकऱ्याचेच मूल. त्याला अक्कल जास्त आणि आपल्या मुलाला कमी, असे मुळीच नाही. पण आपल्या पोराला कॉलेजच्या दारापर्यंत पोचायलाच घर सोडावे लागते. म्हणजे कोरडवाहू भागात शिक्षणाचा पहिला प्रश्न पुस्तकाचा नाही, तर रात्री टेकायच्या जागेचा आणि दोन वेळच्या भाकरीचा आहे.

हे ज्याने नेमके ओळखले तो माणूस स्वतः मॅट्रिकची पायरी चढलेला नव्हता. भाऊराव पाटील साताऱ्यात शिकवण्या घेत, म्हणून लोक त्यांना पाटील मास्तर म्हणत. पुढे किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत ते गावोगाव फिरले. कोणत्या घरात काय शिजते आणि कोणाचे पोर गुरांमागे जाते, हे त्यांनी उंबऱ्यावर बसून पाहिले. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे सांगितलेच होते की, सरकारची तिजोरी रयतेच्या घामाने भरते आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या थरालाच मिळतो. तक्रार लिहून झाली होती. उत्तर उभे करायचे राहिले होते.

१९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आली. तिथल्या धनिणीच्या बागेत भाऊरावांनी आधी शाळा नव्हे, तर वसतिगृह उभे केले. सगळ्या जातींची मुले एका पंगतीला जेवत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. कोठीतले धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून मुलांना जेवू घातले. संस्थेचा पहिला भांडवलदार कोण, असे कोणी विचारले तर आम्ही या माउलीचे नाव सांगू.

पुढचा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. १९३५ साली शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज निघाले. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, मोफत आणि निवासी. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. आधी राहायला जागा, मग मास्तर, मग मॅट्रिकपर्यंतची शाळा आणि शेवटी कॉलेज. ज्याला पोराला कॉलेजच्या दारात पोचवायचे आहे त्याने दाराच्या अलीकडचा सगळा रस्ता बांधला पाहिजे, हा त्याचा अर्थ.

अभ्यास मात्र हलका केला नाही. शेतकऱ्याची पोरे म्हणून त्यांना सोपी परीक्षा नव्हती, मॅट्रिक सगळ्यांना एकच. फरक एवढाच की फी पैशाऐवजी श्रमाने भरता येई. मुले शेतात राबत, दगड फोडत, बांधकामावर जात आणि रात्री पुस्तक उघडत. ‘कमवा आणि शिका’ हे वाक्य आज भिंतीवर रंगवलेले दिसते. तेव्हा ते मुलांच्या हाताच्या घट्ट्यांत होते. आपल्या कापूसपट्ट्यातही पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत वसतिगृह काढले आणि १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. वाट तीच होती.

आज काय झाले आहे? दार सरकले आहे. पूर्वी ते मॅट्रिकला होते. मग बारावीच्या गुणांवर आले आणि लातूर पॅटर्नचे नाव झाले. आता डॉक्टरीला नीट आणि इंजिनिअरिंगला सीईटी. कॉलेजात नाव एकीकडे, तयारी दुसरीकडे, आणि तयारीचा बाजार रोखीचा. सरकारची मदत आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी पंजाबरावांच्या नावाने वसतिगृह भत्ता आहे. २०२४ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या, ठरलेल्या प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ आहे. पण ही मदत दार ओलांडल्यावर मिळते. दाराच्या अलीकडची दोन वर्षे बापाने कापसाच्या पैशातून काढायची, आणि ते पुरले नाहीत तर सावकाराकडून. पोर पास झाले तर कर्ज फिटेल, नाही झाले तर पोर आणि कर्ज दोन्ही घरी येतात.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो. एक, एकेकट्याने खोली शोधण्यापेक्षा प्रत्येक तालुक्यातील दहा गावांनी मिळून अकरावी-बारावीच्या मुलामुलींसाठी एक एक घर घ्यावे. ज्वारी आपली, डाळ आपली, स्वयंपाकाची पाळी आपली. दोन, ज्या संस्था रयतेच्या दानावर उभ्या राहिल्या त्यांच्या सभांना जाऊन विचारावे की, आमच्या पोरांसाठी वसतिगृहात आज किती जागा आहेत आणि त्यांना किती पैसे पडतात. तीन, भावाचा लढा सोडू नये. तोट्याच्या शेतीवर कोणतेच वसतिगृह फार दिवस चालत नाही.

आणि जे पोर नापास होऊन परत येईल, त्याला टोमणा मारू नये. भाऊरावही मॅट्रिक नव्हते.