दोष कुत्र्याचा कीं धन्याचा?

पाळलेलें कुत्रें मोकाट सुटून कोणास चावलें म्हणजे आळींतले लोक कुत्र्यावर दगड उचलितात. धन्यास मात्र कोणी शब्दानेंहि विचारीत नाहीं. हा न्याय उलटा होय. बैल मारका आहे हें ठाऊक असूनहि जो धनी त्यास आवरीत नाहीं तो दोषी, असें मोशाचें नियमशास्त्र सांगतें. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमानेंहि अशा निष्काळजी धन्यास ६ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. कुत्रें पाळणें म्हणजे केवळ भाकरी घालणें नव्हे. त्यास वेळेवर लस टोंचविणें व रस्त्यावर सांखळीनें धरून नेणें, हेंहि पालकांनीं आपलें कर्तव्य मानावें. मुलांनो, कुत्रें चावल्यास जखम १५ मिनिटें साबणानें व वाहत्या पाण्यानें धुवून तत्काळ दवाखाना गांठा. शेजाऱ्यावर प्रीति करणाऱ्यानें त्याच्या लेंकरांची वाट आधीं निर्भय करावी.