विश्लेषण : समुद्रगायीला हद्द मिळाली, अभय मिळेल काय?

तामिळनाडू सरकारने २१ सप्टेंबर २०२२ रोजी पाल्क उपसागरातील ४४८ चौरस किलोमीटरचा सागरी पट्टा डुगाँग, अर्थात समुद्रगायीसाठी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित केला. देशातील हे अशा प्रकारचे पहिलेच क्षेत्र. तंजावर आणि पुदुकोट्टई जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगत ते पसरले आहे. याच किनाऱ्यावर तंजावरचे मराठा राजे सरफोजी दुसरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेली मनोरा ही वास्तू उभी आहे. तेथे आंतरराष्ट्रीय डुगाँग संवर्धन केंद्र उभारण्याचेही राज्य सरकारने जाहीर केले आहे.

मात्र, केवळ अधिसूचनेने हा प्राणी वाचेल काय, हा खरा प्रश्न आहे.

संथ प्रजनन

डुगाँग हा अमेरिका आणि आफ्रिकेत आढळणाऱ्या मॅनेटीचा जवळचा नातलग. मॅनेटीची शेपटी वल्ह्यासारखी गोल असते, तर डुगाँगची देवमाशाप्रमाणे दुभंगलेली. मॅनेटी नद्यांमध्येही वावरतो. डुगाँग मात्र समुद्र सोडत नाही. पूर्ण वाढलेला डुगाँग सुमारे तीन मीटर लांब असतो आणि दिवसाला ३० ते ४० किलो समुद्रगवत खातो.

मादी तेरा ते पंधरा महिन्यांच्या गर्भधारणेनंतर एकाच पिलाला जन्म देते. दोन वेतांमध्ये तीन ते सात वर्षांचे अंतर असते. भारतीय समुद्रात सुमारे २४० डुगाँग उरल्याचा अंदाज २०२२ मध्ये वर्तवण्यात आला होता. अशा स्थितीत दरवर्षी मोजक्या माद्या दगावल्या, तरी ती हानी भरून निघणे कठीण असते.

जाळे आणि गवत

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत डुगाँगचा समावेश असल्याने त्याची शिकार हा गंभीर गुन्हा आहे. परंतु, जाळ्यात अपघाताने अडकून होणारे मृत्यू कायद्याने थांबत नाहीत. डुगाँगला दर काही मिनिटांनी श्वासासाठी पृष्ठभागावर यावे लागते. जाळ्यात अडकल्यास तो गुदमरतो.

दुसरे संकट गवताचे. राखीव क्षेत्रात १२ हजार हेक्टरहून अधिक समुद्रगवताची कुरणे आहेत. या वनस्पतींना सूर्यप्रकाश लागतो. ट्रॉलर समुद्रतळ खरवडतात आणि सांडपाण्यामुळे पाणी गढूळ होते, तेव्हा ही कुरणे नष्ट होतात. त्याचे परिणाम अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात दिसून आले. तेथे २०२१ मध्ये एका वर्षात अकराशे मॅनेटी मरण पावले. प्रदूषणामुळे समुद्रगवत नाहीसे होऊन झालेली उपासमार हे त्याचे प्रमुख कारण होते.

मच्छीमारांची भूमिका

संवर्धन राखीव क्षेत्र हे अभयारण्याइतके कठोर नसते. स्थानिकांशी विचारविनिमय करून ते घोषित केले जाते आणि त्याच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतींना स्थान असते. त्यामुळे पारंपरिक मासेमारीवर सरसकट बंदी येत नाही. ही या व्यवस्थेची मर्यादा आहे, तसेच बळही. डुगाँग सोडवायचा तर अनेकदा महागडे जाळे कापावे लागते. तो भुर्दंड एकट्या मच्छीमाराने सोसावा, अशी अपेक्षा करणे न्याय्य नाही. डुगाँगची सुटका करणाऱ्या मच्छीमारांना वन विभाग रोख बक्षीस देतो, ही बाब म्हणूनच महत्त्वाची ठरते.

सीमेपलीकडे

पाल्क उपसागर भारत आणि श्रीलंका यांच्यात विभागलेला आहे. श्रीलंकेने २०१७ मध्ये कायद्याने ट्रॉलिंगवर बंदी घातली. भारतीय ट्रॉलर हद्द ओलांडत असल्यावरून उभय देशांत वारंवार तणाव निर्माण होतो. डुगाँग मात्र ही सागरी सीमा जाणत नाही. त्यामुळे एकाच किनाऱ्यावरील संरक्षण अपुरे पडणार, हे उघड आहे.

बेरिंग समुद्रातील स्टेलरची समुद्रगाय १७४१ मध्ये शास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडली आणि अवघ्या २७ वर्षांत शिकारीमुळे नामशेष झाली. तिला कोणतेही कायदेशीर संरक्षण नव्हते. डुगाँगला ते लाभले आहे. त्याचे यश आता ट्रॉलरवरील नियंत्रण, मच्छीमारांना मिळणारी भरपाई आणि कोलंबोशी होणारा संवाद या तीन गोष्टींवर अवलंबून राहील.