डी. फार्म.ची दोन वर्षे फार्म. डी.त का मोजत नाहीत?

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर किंवा साकोलीच्या विद्यार्थ्याने डी. फार्म. ही पदविका केली, तर त्याला बी. फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमानुसार पहिल्या वर्षाच्या ५९ श्रेयांकांपैकी ५२ पदविकेतून वळते होतात. उरलेले ७ संवादकौशल्य आणि संगणकाचे. हाच विद्यार्थी सहा वर्षांच्या फार्म. डी.कडे वळला, की मात्र पदविका फक्त प्रवेशाच्या पात्रतेपुरती उरते. बसायचे पहिल्याच वर्षात, बारावी झालेल्यांच्या शेजारी. गंमत अशी, की तीन वर्षांत बी. फार्म. करून पुढे फार्म. डी.च्या चौथ्या वर्षात गेले तरी सहाच वर्षे लागतात, वर पदव्या दोन! मग सरळ वाटेने जाण्यात शहाणपण कोणते?

फार्म. डी. रुग्णालयाशी जोडलेला अभ्यासक्रम आहे, पदविकेचा पाया त्याला पुरत नाही, असा आक्षेप येईल. तो अगदीच पोकळ नाही. पण शरीरशास्त्र, औषधनिर्माण हे विषय पदविकेतही शिकवले जातात, शिवाय ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण असते. उणीव असेल तिथे पूरक विषय लावा, बी. फार्म.ला तेच केले आहे. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबाला एका जादा वर्षाची फी आणि नागपूरचे खोलीभाडे परवडत नाही. फार्मसी कौन्सिलने फार्म. डी.साठीही श्रेयांक वळते करण्याचा नियम करावा.