मुंबई हाय: मुक्ती नव्हे, उसंत

१/ २०२५ च्या सप्टेंबरात अंदमानच्या समुद्रातील एका विहिरीत नैसर्गिक वायू आढळल्याची घोषणा झाली आणि समाजमाध्यमांवर नेहमीचे दोन जथे समोरासमोर उभे ठाकले. एक म्हणतो, आता आयातीचे जोखड गेलेच समजा. दुसरा म्हणतो, जगातले तेल संपत आले. विझताना दिवा मोठा होतो, तसे हे. मित्रहो, या धाग्यात मला दोघांशीही भांडायचे आहे. पण पहिल्याशी अधिक.

२/ भांडणाचे हत्यार अर्थातच इतिहास. कारण हा प्रयोग आपण एकदा करून बसलो आहोत: १९७४ मध्ये, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात. माझे प्रतिपादन एका वाक्यात सांगतो. मुंबई हायने या देशाला मुक्ती दिली नव्हती, उसंत दिली होती. आणि ती उसंत आपण मुक्ती समजून खर्चून टाकली.

३/ आधी शब्दाचा घोळ मिटवू. ‘पीक ऑइल’ म्हटले की आमच्या अकोल्याकडे आधी कपाशी आणि सोयाबीन डोळ्यांपुढे येते. म्हणून मी ‘तेलशिखर’ म्हणतो. तेलशिखर म्हणजे तेल संपणे नव्हे. एखाद्या क्षेत्रातून रोज निघणारे तेल वाढत वाढत कमाल पातळी गाठते आणि मग उतरू लागते. त्या दिवशीही भरपूर तेल भूगर्भात शिल्लक असते. प्रश्न साठ्याचा नसतो, प्रवाहाचा असतो.

४/ ही कल्पना मांडली एम. किंग हबर्ट या अमेरिकन भूवैज्ञानिकाने, मार्च १९५६ मध्ये, टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे. योगायोग असा, की त्याच वर्षीच्या ऑगस्टात भारतात तेल व नैसर्गिक वायू आयोग, म्हणजे आजची ओएनजीसी, स्थापन झाला. तिकडे एक जण उताराचे गणित मांडत होता, इकडे आपण चढणीला नुकती सुरुवात करत होतो.

५/ हबर्टचे भाकीत होते: अमेरिकेचे उत्पादन १९६५ ते १९७० या काळात शिखर गाठेल. १९७० मध्ये ते खरोखर गाठले गेले. त्याच हबर्टने जगाचे शिखर सन २००० च्या आसपास ठरवले होते. तिथे तो साफ चुकला. त्या वर्षी जगाचे उत्पादन त्याच्या अंदाजाच्या दुपटीहून अधिक होते. तात्पर्य, प्रवाहाचा नियम खरा. पण पंचांग उघडून तारीख सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

६/ साठा आणि प्रवाह यांतील भेद वऱ्हाडी माणसाला तरी परक्याकडून शिकायला नको. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरे रोखली आणि इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या. जगातला कापूस संपला होता काय? मुळीच नाही. तो अमेरिकेच्या दक्षिणेत गाठी बांधून पडला होता. तुटला होता तो प्रवाह.

७/ त्या तुटीने आमच्या कापसाला सोन्याचे मोल आणले. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला आणि बडनेरा मागे टाकून नागपुरास पोहोचली. पण तत्पूर्वीच, १८६५ मध्ये, युद्ध संपले होते. अमेरिकन कापूस बाजारात परतला आणि भाव कोसळले. तेजीच्या भरवशावर उचललेल्या कर्जाचे पुढे काय होते, हे पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांनी १८७५ च्या सावकारविरोधी दंग्यांत जगाला दाखवले. तेजी ही उसंत असते, व्यवस्था नव्हे.

८/ हे ध्यानात ठेवून १९७३ कडे या. अरब-इस्रायल युद्धानंतर अरब देशांनी तेल रोखले. पिंपाचा भाव काही महिन्यांत सुमारे तीन डॉलरवरून चौपटीकडे गेला. भारत तेव्हा गरजेचे सुमारे दोन तृतीयांश तेल बाहेरून आणत होता. पेट्रोल इतके महागले, की निषेध म्हणून अटलबिहारी वाजपेयी त्या नोव्हेंबरात बैलगाडीने संसदेत गेले.

९/ अशा वेळी फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ला तेल लागले. पाय समुद्रतळावर रोवून उभा राहणारा हा जपानी बनावटीचा तरंगता फलाट. सोव्हिएत तज्ज्ञांच्या साह्याने साठच्या दशकात झालेल्या भूकंपीय सर्वेक्षणांनी ती भूरचना आधीच हेरली होती. पाणी सुमारे ७५ मीटर खोल. २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले: शोधापासून अवघ्या सव्वादोन वर्षांत. आजही हे काम थक्क करते. त्या अभियंत्यांना माझा प्रणाम; माझा वाद त्यांच्याशी नाही.

१०/ ऐंशीच्या दशकात एकट्या मुंबई हायमधून दिवसाला चार लाखांहून अधिक पिंपे तेल निघू लागले. १९८४-८५ मध्ये देशाचे एकूण उत्पादन सुमारे २.९ कोटी टन होते आणि खप सुमारे ३.९ कोटी टन. म्हणजे गरजेच्या जवळजवळ तीन चतुर्थांश तेल घरचे. अकरा वर्षांपूर्वी बैलगाडीने संसद गाठली जात होती, हे आठवा. स्वयंपूर्णता हाताशी आली असे वाटणे स्वाभाविक होते.

११/ इथेच पहिली चूक. तेलक्षेत्र म्हणजे जमिनीखालचे तळे नव्हे. तेल खडकाच्या छिद्रांत असते, त्यात वायू विरघळलेला असतो आणि आतला दाब त्याला वर ढकलतो. सोड्याची बाटली घाईने उघडा: वायू फसफसून निघून जातो, पाणी मागे राहते. क्षेत्राचेही तसेच. तेल उपसावे त्या प्रमाणात पाणी आत सोडून दाब राखावा लागतो. घाई केली, तर वायू आधी निसटतो आणि तेल खडकातच अडकते.

१२/ मुंबई हायमधून तेल जोमाने उपसले गेले आणि दाब राखण्याची कामे त्या मानाने मागे पडली, हा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. परिणाम आकड्यांत दिसतो. देशाचे उत्पादन १९८९-९० मध्ये सुमारे ३.४ कोटी टन होते. १९९२-९३ मध्ये ते सुमारे २.७ कोटी टनांवर आले. तीन वर्षांत पाचवा हिस्सा गळाला, आणि त्यात मोठा वाटा मुंबई हायचा.

१३/ आता तारखा जुळवा. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळले आणि तेलाचे भाव दुपटीवर गेले. नेमक्या त्याच सुमारास घरचे तेल उतरणीला लागले होते. १९९१ मध्ये परकीय चलनासाठी देशाला सोने गहाण ठेवावे लागले. त्या संकटाची कारणे अनेक होती, हे खरे. पण उसंत संपत आली होती आणि आपण ती संपेल असे गृहीतच धरले नव्हते, हेही तितकेच खरे.

१४/ इथे एक तिसरा सूर निघतो: मुंबई हाय कुणीतरी मुद्दाम बुडवले, नाहीतर आपण कधीच स्वयंपूर्ण झालो असतो. कटाच्या कथा रंजक असतात, पण भागाकार त्यांच्याहून निष्ठुर असतो. १९८४-८५ मधील उत्पादन २.९ कोटी टन. २०२३-२४ मधील उत्पादनही सुमारे २.९ कोटी टनच! खप मात्र ३.९ कोटी टनांवरून २३ कोटी टनांपुढे गेला. विहीर तेवढीच राहिली. तहान सहापट झाली.

१५/ बरे, मधल्या काळात शोध लागले नाहीत असेही नाही. २००४ मध्ये राजस्थानात बाडमेरचे मोठे क्षेत्र सापडले, २००९ पासून तेथून तेल येऊ लागले. तरीही एकूण आकडा जागचा हलला नाही. नवे शोध जुन्या क्षेत्रांची गळती भरून काढण्यातच खर्ची पडले. मुंबई हाय २०२४ मध्ये दिवसाला सुमारे १ लाख ३४ हजार पिंपांवर होते. जानेवारी २०२५ मध्ये त्याच्या पुनरुज्जीवनासाठी ब्रिटिश कंपनी बीपीला तांत्रिक साह्यास नेमावे लागले.

१६/ ही तहान कुठे आहे, हे पाहायला दिल्लीला जायला नको. मूर्तिजापूरहून अचलपूरकडे आणि यवतमाळकडे धावणारी आपली ‘शकुंतला’ १९९४ पर्यंत वाफेवर चालत होती. तिला डिझेल इंजिन लागले ते देशाच्या तेलाची उतरण सुरू झाल्यावर! जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण झाले आणि गिनीज विक्रम नोंदला गेला. डांबर हा कच्च्या तेलाचाच तळ. आपण तेलावरून चालतो आणि तेल जाळत चालतो.

१७/ शकुंतलेला दोष देण्याचा हेतू नाही. ती बिचारी तर आता बंदच पडली. मुद्दा धोरणाचा आहे. १९५१ च्या सुमारास देशातील ८० टक्क्यांहून अधिक माल रेल्वेने जाई. आज एक तृतीयांशही जात नाही. घरचे तेल भरभरून येत होते तेव्हाच ही घसरण रोखायची होती. आपण उलट केले: स्वस्ताईच्या काळात महागड्या सवयी लावून घेतल्या.

१८/ ‘पण ब्राझीलचे काय?’ असे कोणी विचारेल. नोव्हेंबर २००७ मध्ये ब्राझीलच्या समुद्रात, मिठाच्या जाड थराखाली, तुपी क्षेत्रात ५ ते ८ अब्ज पिंपे काढता येण्याजोगे तेल असल्याचे जाहीर झाले. तेलशिखरवाद्यांचे तोंड बंद झाले, असा गजर झाला. आता गणित करा. जग तेव्हा दिवसाला सुमारे साडेआठ कोटी पिंपे तेल वापरत होते. आठ अब्ज पिंपे म्हणजे जगाची तीन महिन्यांची बेगमी.

१९/ तुपीने ब्राझीलचे भाग्य पालटले, याबद्दल वाद नाही. पण एका देशाचे भाग्य आणि जगाचा प्रश्न या दोन गोष्टी आहेत. त्यातही ते तेल दोन किलोमीटर पाण्याखाली आणि त्याखाली आणखी कित्येक किलोमीटर खडकाखाली. मुंबई हायचे ७५ मीटर आठवा. तेल सापडत राहते, हे मान्य. पण ते दरवेळी अधिक खोल, अधिक दूर आणि अधिक महाग सापडते.

२०/ तेलशिखरवाद्यांनाही सोडणार नाही. १९९८ मध्ये कॉलिन कॅम्पबेल आणि जाँ लाहेरेर यांनी २०१० पूर्वीच पारंपरिक तेलाची उतरण सुरू होईल असे मांडले. त्यांच्या उत्साही अनुयायांनी त्याची प्रलयकथा केली. मग अमेरिकेत शेल खडक फोडून तेल काढले जाऊ लागले आणि १९७० चे शिखरही ओलांडले गेले. भाव आणि तंत्रज्ञान यांना विसरणारे भाकीत इतिहास माफ करत नाही.

२१/ मात्र शेलचे उदाहरण आपल्या तोंडावर फेकणाऱ्यांनी हेही सांगावे, की त्या विहिरींचा प्रवाह पहिल्या काही वर्षांतच झपाट्याने ओसरतो आणि तो टिकवायला सतत नव्या विहिरी खणाव्या लागतात. धावत्या पट्ट्यावर एकाच जागी राहण्यासाठी पळत राहावे, तसे. हबर्टची तारीख चुकली. प्रत्येक विहिरीला उतार असतो, हे त्याचे म्हणणे चुकले नाही.

२२/ म्हणून अंदमान असो वा आणखी काही, पुढच्या घोषणेला तीन प्रश्न विचारा. साठा किती ते नंतर सांगा. रोज किती निघेल? किती वर्षांनी आणि किती खर्चात? आणि तोवर आपली तहान किती वाढलेली असेल? उत्तरे येईपर्यंत जल्लोष म्हणजे बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! तूरडाळीच्या गिरण्यांच्या अकोल्यात ही म्हण तरी समजावून सांगावी लागू नये.

२३/ हा वाद माझ्यासाठी पुस्तकी नाही. १८६५ मध्ये लिव्हरपूलच्या बाजारातला धक्का इथल्या बांधापर्यंत पोहोचला होता. आज होर्मुझच्या सामुद्रधुनीत काही बिनसले, तर तो गायगावच्या डेपोतून निघणाऱ्या टँकरमार्गे पोहोचेल: ट्रॅक्टरच्या भाड्यात, फवारणीच्या औषधात, जिनिंगपर्यंतच्या वाहतुकीत. कापसाचा भाव शेतकरी ठरवत नाही, डिझेलचाही नाही. दोन्हींच्या मध्ये तो भरडला जातो.

२४/ अंदमानात खरोखर मोठा साठा निघाला, तर मलाही आनंदच होईल. पण त्या दिवशी मी १९८४-८५ चा आकडा पुन्हा लिहीन. तेव्हाही विहिरी भरून वाहत होत्या. त्या वाहत असतानाच रेल्वे, एसटी आणि दुसरी ऊर्जा उभी करायची असते. आटल्यावर फक्त सोने गहाण ठेवता येते. माझे आकडे चुकले असतील तर योग्य आकड्यांसह खोडून काढा, स्वागत आहे. धागा समाप्त.