उन्हाळ्याने हिरावलेले तास

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषांनुसार सपाट प्रदेशातील कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस असून ते त्या काळातील सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून अधिक वाढले, अथवा सरासरी काहीही असली तरी पारा ४५ अंशांवर गेला, की उष्णतेची लाट आली असे मानले जाते. पारा ४७ अंशांवर गेला तर ती तीव्र लाट ठरते. वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) हा तालुका नागपूर-अमरावती महामार्गावर, विदर्भाच्या ज्या पट्ट्यात वसला आहे, तिथे असे दिवस नवलाचे राहिलेले नाहीत. शेजारच्या नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते. मात्र असा आकडा हा सावलीतील हवेचा आकडा असतो, कारण वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, वारा खेळेल अशा झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेला असतो. त्याच दुपारी नांगरून उघड्या पडलेल्या काळ्या मातीचा पृष्ठभाग ६० अंशांच्याही पुढे तापलेला असू शकतो, आणि त्या मातीवर राबणारा माणूस, तिच्यावर उभे असलेले जनावर आणि तिच्यात मुळे रोवलेले संत्र्याचे झाड यांना सोसावी लागणारी उष्णता दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात छापली जात नाही.

उन्हाळ्याची चर्चा निघाली की ती पाण्याच्या टंचाईपाशी येऊन थांबते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु एक हेक्टरच्या आतील अत्यल्पभूधारक किंवा एक ते दोन हेक्टरांचा अल्पभूधारक शेतकरी यांच्या दृष्टीने कडक उन्हाळा आणखी एक टंचाई घेऊन येतो आणि ती म्हणजे वेळेची. सकाळी साडेदहा-अकरापासून सायंकाळी पाचपर्यंत उघड्यावर अंगमेहनतीचे काम करणे जिवावर बेतू शकते. अंधार पडल्यावर शिवारात वन्य प्राण्यांचे भय असते. म्हणजे फटफटल्यापासून दहापर्यंतचे पाच आणि दिवस कलल्यानंतरचे दोन, एवढेच तास हाती उरतात, आणि त्यांतच ओलीत, जनावरांचे चारापाणी, बागेची मशागत आणि खरिपाच्या तयारीची उन्हाळवाही बसवावी लागते. मोठ्या बागाइतदाराला सालदार आणि मजूर वाढवून ही उणीव भरून काढता येते. ज्याच्या शेतावर घरचीच दोन-तीन माणसे राबतात, त्याला ती भरून काढता येत नाही. म्हणून कारंज्यासारख्या तालुक्यात उन्हाळ्याशी जुळवून घेणे म्हणजे या मोजक्या तासांचे नियोजन करणे होय, आणि ते एकट्या शेतकऱ्याच्या हातात नाही, ही गोष्ट स्पष्टपणे मांडली गेली पाहिजे.

रात्रीचे भय काल्पनिक नाही. याच जिल्ह्यातील बोर अभयारण्याला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि त्या जंगलाच्या आसपासच्या गावांत वाघ, बिबट, रानडुक्कर व रोही, म्हणजे नीलगाय, यांचा वावर नित्याचा आहे. २०१७ मध्ये ब्रह्मपुरी भागातून पकडून बोरच्या जंगलात सोडलेल्या एका वाघिणीने माणसांवर हल्ले केले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पिकाच्या राखणीसाठी कुंपणात सोडलेल्या विजेच्या धक्क्याने ती मेली. माणसाचा आणि प्राण्याचा असा दुहेरी बळी जातो त्याच्या मुळाशी जी अनेक कारणे आहेत, त्यांतील एक असे की शेतकऱ्याला रात्री शेतात जावे लागते. कृषिपंपांचा वीजपुरवठा चक्राकार पद्धतीने होतो. आठवड्यातील काही दिवस लाइन दिवसा असते आणि काही दिवस रात्री. पाळी रात्रीची आली की ओलितासाठी रात्रीच निघावे लागते, आणि दिवसाची आली तर तिचे बरेचसे तास टळटळीत दुपारचे असतात.

या प्रश्नावर उपाय म्हणून सौरऊर्जेकडे पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. २०१७ पासून राबवल्या जाणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा, म्हणजे कृषी वाहिन्यांना सौर प्रकल्पांतून वीज पुरवण्याच्या योजनेचा, हेतूच दिवसा वीज देणे हा आहे. त्यामुळे रात्रीचे भय टळेल. मात्र सौर पंप सर्वांत जोराने चालतो तो साधारण दहा ते तीन या वेळात, म्हणजे नेमक्या ज्या वेळी माणसाने शेतात नसावे आणि तापलेल्या जमिनीवर मोकळे पाणीही सोडू नये त्या वेळात. यावरचा तोडगा साधा आहे. शेतातील उंचवट्यावर टाकी बांधावी, दुपारी पंपाने ती माणसाविना भरून घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते पाणी उताराने ठिबकच्या नळ्यांत सोडावे. सौर पंपाच्या अनुदानासोबत अशा टाकीलाही अनुदान मिळाले, तर पंपाचा खरा उपयोग होईल. एरवी रात्रीची जोखीम दुपारवर ढकलली जाण्यापलीकडे फारसे काही साधणार नाही.

कारंजा, आर्वी आणि आष्टी हे तालुके वरूड, मोर्शी आणि काटोलप्रमाणेच संत्र्याच्या पट्ट्यात मोडतात, आणि या पिकात उन्हाळ्याचा हिशेब बहराच्या निवडीपासूनच सुरू होतो. बहर म्हणजे झाडाला ठरावीक हंगामात आणलेली फुलोऱ्याची अवस्था. आंबिया बहराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तोडणीला येतात, त्यामुळे ऐन मे महिन्यात झाडावर कोवळी फळे असतात. पाण्याचा खंड पडला किंवा गरम वारे सलग वाहिले, तर पानांवरील सूक्ष्म छिद्रे मिटतात, अन्न तयार होण्याचे काम मंदावते आणि झाड स्वतःला वाचवण्यासाठी फळे टाकून देते. यालाच फळगळ म्हणतात. मृग बहराची फुले जून-जुलैत येतात. त्यासाठी मे महिन्यात पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो, आणि म्हणून ज्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी कमी, तिच्या मालकाचा कल मृगाकडे असतो. परंतु मृगाचा पाऊस लांबला, तर हा ताण फुलोऱ्याऐवजी वाळणाऱ्या फांद्यांवर जाऊन थांबतो, आणि मुरमावरच्या हलक्या, उथळ जमिनीत हा धोका काळ्या भारी जमिनीपेक्षा लवकर उभा राहतो. २०१९ च्या उन्हाळ्यात विदर्भातील अनेक गावांत संत्र्याच्या उभ्या बागा वाळल्या आणि लोकांनी पंधरा-वीस वर्षांची झाडे तोडून टाकली, ही गोष्ट बहर धरताना विसरता येण्यासारखी नाही.

पाण्याचा हिशेब आकड्यांत मांडला म्हणजे छोट्या शेतीची अडचण नेमकी कळते. सहा बाय सहा मीटर अंतरावर लावलेल्या एक हेक्टर बागेत सुमारे २७७ झाडे बसतात. पूर्ण वाढलेल्या झाडाला मे महिन्यात दिवसाला ठिबकने २०० लिटरच्या आसपास पाणी धरले, तर रोजची गरज ५५ हजार लिटर होते. विदर्भातील कडक उन्हाळ्यात उघड्या पाण्याच्या पृष्ठभागावरून दिवसाला १० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाणी वाफ होऊन उडते. ३० बाय ३० मीटरचे शेततळे काठोकाठ भरलेले असेल, तर या दराने त्यातून रोज ९,००० लिटर पाणी कोणाच्याही उपयोगी न पडता जाते, म्हणजे ४५ झाडांचा एका दिवसाचा वाटा हवेत जातो. शासनाने २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना सुरू केली आणि त्यातून पुष्कळ तळी झाली. परंतु तळ्याची खोली वाढवून पृष्ठभाग कमी ठेवणे, त्यावर शेडनेट ताणणे आणि पश्चिमेच्या बाजूला शेवरीसारख्या झाडांची वारारोधक रांग लावणे या गोष्टींकडे खोदकामाइतके लक्ष दिले गेले पाहिजे.

जमिनीतील ओल राखणे हे त्याहूनही स्वस्त काम आहे. संत्र्याची अन्न घेणारी तंतुमुळे बहुतांशी वरच्या फूटभर थरात असतात, म्हणजे उन्हाने सर्वांत आधी जो थर तापतो आणि सुकतो त्याच थरात. सोयाबीन किंवा तुरीचे कुटार, म्हणजे मळणीनंतर उरणारा भुसा, झाडाच्या घेराखाली चार-पाच बोटे जाडीने पसरले, तर ऊन थेट मातीवर पडत नाही, बाष्पीभवन घटते आणि पुढे तेच कुटार कुजून जमिनीत मिसळते. पाणी देण्यासाठी दुहेरी आळे करावे: बुंध्याभोवती मातीचे एक छोटे कडे आणि झाडाच्या घेराशी दुसरे, आणि पाणी या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात सोडावे, म्हणजे खोड कोरडे राहून डिंक्या या बुरशीजन्य रोगाला आमंत्रण मिळत नाही. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी यांचे बोर्डो मलम खोडाला मीटरभर उंचीपर्यंत लावतात. ते मुख्यतः याच रोगासाठी असले, तरी त्याच्या फिकट लेपामुळे उन्हाचा मारा परतून साल तडकण्यापासूनही संरक्षण मिळते. नव्या कलमांना पश्चिमेकडून तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा आडोसा द्यावा. पऱ्हाट्या आणि धुऱ्यावरचे गवत पेटवून शेत साफ करण्याची जी रीत आहे, ती या दृष्टीने दुहेरी नुकसानीची ठरते, कारण त्यात आच्छादनाचे साहित्य जळते आणि धुऱ्यावरची सावलीची झाडेही होरपळतात. ही सगळी कामे फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकता येतात, आणि त्या वेळी दिलेला प्रत्येक दिवस मे महिन्यातील मोजक्या तासांवरचा भार हलका करतो.

जनावरांच्या बाबतीत या भागाजवळ स्वतःचे धन आहे. गवळाऊ ही वर्धा-नागपूर भागातील देशी गोवंशाची जात, आणि तिच्या पैदाशीसाठी कारंजा तालुक्यातच हेटीकुंडी येथे शासकीय प्रक्षेत्र आहे. पांढरी-करडी आखूड केसांची कातडी, सैल पोळी आणि काटक बांधा यांमुळे ही जनावरे उन्हात संकरित गायींपेक्षा अधिक टिकाव धरतात. संकरित गाय अधिक दूध देते हे खरे; परंतु उष्णतेच्या लाटेत तिचे खाणे कमी होते, दूध आटते आणि ती माजावर येण्याचे चक्रही बिघडते. म्हशीची कातडी काळी आणि तिच्यातील घर्मग्रंथी कमी, त्यामुळे तिला अंगावर पाणी मिळालेच पाहिजे. ज्याच्याकडे पंखे आणि फवारे असलेला गोठा नाही, त्याने जनावरे निवडताना दुधाच्या आकड्याबरोबर उन्हाळ्याचा खर्चही धरला पाहिजे, आणि चाऱ्याचा मुख्य भाग पहाटे व सूर्यास्तानंतर द्यावा.

माणसाचे शरीर घामाच्या बाष्पीभवनाने थंड राहते. विदर्भाच्या कोरड्या हवेत ही क्रिया चांगली चालते, परंतु घाम अंगावर दिसण्याआधीच सुकत असल्यामुळे शरीरातून किती पाणी आणि मीठ गेले हे कळत नाही, आणि चक्कर, मळमळ, बरळणे ही लक्षणे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. ताक, कैरीचे पन्हे, ज्वारीची आंबील, सोबत मिठाची चिमूट आणि डोक्याला ओला दुपट्टा या जुन्या सवयींना म्हणूनच शास्त्रीय आधार आहे. मात्र उष्माघाताने शुद्ध हरपू लागलेल्या माणसाला तोंडाने काही पाजू नये. त्याला सावलीत आणून अंग ओले करावे, वारा घालावा आणि विनाविलंब दवाखान्यात न्यावे. अहमदाबाद शहराने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे नागपूरनेही तो स्वीकारला. परंतु शहरातील पाणपोई आणि उद्याने यांभोवती रचलेला आराखडा शिवारातील निंदणाऱ्या बाईपर्यंत पोहोचत नाही. तिच्यासाठी कामाची वेळ पहाटे सुरू होऊन दहापर्यंत संपणे आणि त्यासाठी मजुरी कापली न जाणे, हाच आराखडा आहे.

नुकसान झालेच, तर हवामानावर आधारित फळपीक विम्याचा आधार असतो, आणि त्याची भरपाई महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. ही यंत्रे चुकूही शकतात. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले आणि ती नोंद संवेदकातील बिघाडामुळे चुकीची असल्याचे हवामान विभागाने नंतर सांगितले. तो आकडा महानगरातील असल्यामुळे तपासला गेला. गावाकडच्या केंद्राने तीन-चार अंश कमी दाखवले, तर ते सहसा कोणाच्या ध्यानात येणार नाही, आणि शेतकऱ्याची भरपाई मात्र बुडेल. म्हणून प्रत्येक केंद्राची उन्हाळ्यापूर्वी तपासणी होऊन तिचा अहवाल ग्रामपंचायतीत लावला गेला पाहिजे.

शेजारच्या आर्वी तालुक्यातील काकडदरा या छोट्या आदिवासी गावाने २०१७ मध्ये श्रमदानाने पाणलोटाची कामे करून पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक मिळवला होता. एकत्र आलेले गाव पाण्याबाबत काय करू शकते हे त्यातून सिद्ध झाले; तेच एकमत आता वेळेबाबत व्हायला हवे. कारंजा तालुक्यातील प्रत्येक ग्रामसभेने फेब्रुवारीतच ठराव करून एप्रिल ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत कृषिपंपांना पहाटे पाच ते दहा या वेळेत अखंड वीज मागावी, गावातील मजुरीची वेळ त्याला जुळवून घ्यावी आणि पऱ्हाट्या जाळण्याऐवजी आच्छादनासाठी वापरण्याचा नियम स्वतःवर घालून घ्यावा. उन्हाची तीव्रता कमी करणे गावाच्या हाती नाही. पहाटेचे पाच तास शेतकऱ्याला परत मिळवून देणे मात्र गाव, वीज कंपनी आणि शासन यांनी मनावर घेतले, तर पुढच्याच उन्हाळ्यात शक्य आहे.