बातमी कोण देणार?

नाटकाच्या पत्रिकेवर किती नावं असतात ते कधी मोजलंय? लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत, रंगभूषा, वेशभूषा, रंगमंच व्यवस्था... तालमीला चहा पाठवणाऱ्या हॉटेलवाल्याचंसुद्धा नाव 'विशेष आभार'मध्ये येतं. पण हे नाटक अमुक दिवशी अमुक ठिकाणी आहे, हे ज्याच्यामुळे लोकांना कळतं त्याचं नाव? ते नसतंच!

व्यावसायिक नाटकाची गोष्ट वेगळी. तिथे निर्माता पैसे मोजून पेपरात जाहिरात देतो. हौशी आणि प्रायोगिक नाटकवाल्यांकडे तेवढे पैसे कुठून येणार? त्यांना जाहिरातीऐवजी बातमी लागते आणि बातमी छापून आणायला माणूस लागतो. इंग्रजीत त्याला प्रेस एजंट म्हणतात. न्यूयॉर्कमध्ये तर या लोकांची नाटकाच्या मॅनेजर लोकांबरोबर रीतसर युनियन आहे. आमच्या खेडच्या मंडळात जे हे काम करतात त्यांना सगळे 'पेपरवाले काका' म्हणतात. त्यामुळे नवीन माणसाला वाटतं, हे सकाळी घरोघरी पेपर टाकतात!

काका लोट्याच्या एमआयडीसीत शिफ्ट ड्युटी करतात. सेकंड इयरच्या सुट्टीपासून मी त्यांच्या बातम्या टाईप करून देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. म्हणजे मराठी बोलण्यात फर्स्ट क्लास आणि लिहिण्यात एटीकेटी! काका एका पाठकोऱ्या कागदावर मजकूर लिहून आणतात. तो बारा-पंधरा ओळींच्या वर कधी जात नाही. पहिल्या दोन ओळींत नाटक, दिवस, वेळ, ठिकाण. "खालून कापली तरी बातमी जगली पाहिजे, बाय," असं ते म्हणतात. जागा कमी पडली की उपसंपादक शेवटून कात्री लावतो, हे मला तेव्हा कळलं. कार्यकारिणीच्या सतरा सदस्यांची नावं काका शेवटी टाकतात ती त्यासाठीच. (सदस्यांना अजून कळलेलं नाही. मॅगझिन त्यांच्या हातात पडू नये एवढीच प्रार्थना!)

मग फॉन्टची भानगड. बरीच वर्षं पेपरांची कामं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टवर चालत आणि मोबाइलवर टाईप केलेलं मराठी असतं युनिकोडमध्ये. एकीकडचं दुसरीकडे नुसतं चिकटवलं की 'नाट्यप्रयोग'चा चक्क चिनी मंत्र होतो. त्यात आमच्या भागातले बहुतेक वार्ताहर काही पूर्णवेळ पगारी नोकर नाहीत. कुणाचं दुकान असतं, कुणी क्लासेस घेतं. त्यांच्याकडे काका घाईच्या वेळी जात नाहीत. गणपतीत आणि शिमग्यात तर नाहीच, कारण तेव्हा त्यांच्याकडे प्रत्येक वाडीचा फोटो आलेला असतो. प्रयोगाच्या चार दिवस आधी बातमी, आदल्या दिवशी आठवण, प्रयोगानंतर त्याच रात्री फोटो. एका ठिकाणी तर "आधी जाहिरात द्या, मग बातमीचं बघू" असंही ऐकून घ्यावं लागलं. काका काही बोलले नाहीत. नमस्कार केला आणि बाहेर आले. मी असते तर भांडले असते!

आता मुद्द्यावर येते. गेल्या वर्षी मंडळाच्या मीटिंगमध्ये विषय निघाला की हे सगळं कशाला? व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप आहेत, इन्स्टावर रील टाकू, पोरं करतील. आणि काकांना एसटी आणि फोनसाठी जे काही थोडे पैसे मिळायचे ते बंद झाले. हे बरोबर आहे का? माझं मत, अजिबात नाही. रील मीही करते आणि बरी करते. पण आपले ग्रुप म्हणजे आपलीच माणसं. गावच्या पूजेला किंवा शिमग्याला नाटक असलं तर चाकरमानी, माहेरवाशिणी सगळे असतातच, तिथे रीलचीही गरज नाही. खरी गरज राज्य नाट्य स्पर्धेला. आमचं केंद्र रत्नागिरी, म्हणजे खेडपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, आणि महामार्गाबद्दल न बोललेलंच बरं. घरची माणसं काही एवढ्या लांब येत नाहीत. सावरकर नाट्यगृहात जो प्रेक्षक बसायला हवा तो आम्हाला ओळखत नाही. तो सकाळी पेपर उघडतो, आज कुणाचं नाटक ते बघतो आणि संध्याकाळी यायचं की नाही ते ठरवतो. प्राथमिक फेरीत आमच्या वाट्याला प्रयोग एकच. दोन महिने तालमी करून त्या एका संध्याकाळी रिकाम्या खुर्च्यांसमोर संवाद म्हणायचे, याचं दुःख ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल.

आणखी एक वाद झाला. कमिटीतल्या एकाने बातमीत 'तुफान गर्दीत' आणि 'उपस्थितांची मने जिंकली' असं लिहायला सांगितलं. प्रयोगाला जेमतेम साठ-सत्तर माणसं होती. काकांनी चक्क नाही म्हटलं. कमिटीला तो हट्टीपणा वाटला, मला त्यात त्यांचं सगळं काम दिसलं. बघा ना, व्यावसायिकवाल्याच्या हातात पैसा असतो. त्याने 'हाउसफुल्ल' छापलं आणि नसलं, तरी उद्याची जाहिरात त्याची येतेच. काकांच्या हातात काय आहे? फक्त एवढंच, की यांनी दिलेली बातमी तपासावी लागत नाही असं वार्ताहराला वाटतं. ते एकदा गेलं की पुढच्या वर्षी तो फोन उचलणार नाही. म्हणजे काकांचा खरेपणा हा नुसता चांगुलपणा नाही, ते मंडळाचं भांडवल आहे. आणि कमिटी ते फुकटात उडवायला निघाली होती!

मोठ्या शहरांतसुद्धा अशा माणसांवर नाटक उभं राहिलंय. मुंबईत १९७१ मध्ये 'आविष्कार' संस्था निघाली आणि १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटकं होऊ लागली. अरविंद आणि सुलभा देशपांडे यांची नावं आपल्याला माहीत असतात. पण सुरुवातीपासून २०१९ मध्ये जाईपर्यंत त्या संस्थेचा व्यवहार अरुण काकडे यांनी सांभाळला. रंगमंचाच्या मागचा माणूस, एवढीच ओळख. आज आपण 'छबिलदास चळवळ' म्हणून मोठ्या अभिमानाने बोलतो, पण शाळेच्या त्या हॉलमध्ये आज काय आहे हे लोकांना कळवत राहणं, दरवाजा वेळेवर उघडणं, हिशेब ठेवणं, ही कामं चळवळीत मोजली जात नाहीत.

न्यूयॉर्कचं उदाहरण तर मला फारच आवडतं. तिथे जोसेफ पॅप सेंट्रल पार्कमध्ये शेक्सपिअरची नाटकं फुकट दाखवायचा. १९५९ मध्ये तिथला उद्यानांचा बडा अधिकारी रॉबर्ट मोझेस अडून बसला, की तिकीट लावा, गवत खराब होतं. पॅपचा प्रेस एजंट होता मर्ल डिबस्की. त्याने हे भांडण पेपरात गाजत ठेवलं, पॅप कोर्टात गेला आणि वरच्या कोर्टात जिंकला. पार्कातली ती नाटकं आजही फुकट असतात. नाटक फुकट ठेवायलासुद्धा पेपरशी बोलणारा माणूस लागतो, ही गंमत बघा.

यावर कुणी म्हणेल की हौशी संस्थेत सगळेच फुकट राबतात, मग काकांनाच पैसे का? पण प्रकाशयोजनावाल्याला आपण बाहेरून बोलावतो आणि मानधन देतो, ट्रकवाल्याला देतो, मेकअपवाल्यालाही देतो. स्पर्धेत प्रकाशयोजना, नेपथ्य, रंगभूषा या सगळ्यांना बक्षिसं आहेत. बातमीला बक्षीस नाही, नसू दे. पण एसटीचं तिकीट? काका मागणार नाहीत. मागणारा माणूस असता तर हे काम त्याने केव्हाच सोडलं असतं. शिवाय त्यांची रिटायरमेंट जवळ आली आहे आणि कोणत्या पेपरचं पान किती वाजता लागतं, कुठल्या वार्ताहराला दुपारी फोन करायचा नाही, हे सगळं त्यांच्या एका फाटक्या डायरीत आहे. अक्षर असं, की त्यापुढे डॉक्टर बरे!

ती डायरी मी सध्या एक्सेलमध्ये उतरवतेय, सबमिशनच्या मधून मधून. नवरात्रानंतर मंडळाची मीटिंग आहे. त्यात दोन गोष्टी मांडणार आहे. एक, स्पर्धेच्या बजेटमध्ये 'प्रसिद्धी' अशी वेगळी ओळ आणि तिच्यासमोर प्रवासाचा खर्च. दोन, पत्रिकेवर रंगमंच व्यवस्थेच्या खाली 'प्रसिद्धी' आणि पुढे काकांचं पूर्ण नाव. काकांना यातलं काही सांगितलेलं नाही, कारण ते पहिल्यांदा स्वतःचंच नाव खोडतील.